चार फुटी फिशटँक घरच्या घरी: काचेपासून माशांपर्यंत

मासे पाळायचं म्हटलं की दुकानदार बहुतेक वेळा दीड फुटी टँक पुढे करतो आणि नवा माणूस तोच घेऊन जातो. खरं तर शिकायला मोठा टँक सोपा. तीस लिटर पाण्यात चिमूटभर जास्त खाणं पडलं तरी रातोरात पाणी बिघडतं. तेच चारशे लिटरमध्ये पडलं तर तुम्हाला सावरायला दोन दिवस मिळतात. मोठ्या पाण्याचं तापमानही हळूहळू बदलतं, आणि ते माशांना मानवतं. मात्र मोठ्या टँकमध्ये बांधणीतल्या चुका माफ होत नाहीत. जमीन, लेव्हल, काच, सिलिकॉन, फिल्टर, पाणी हे सगळं आधी पक्कं करायचं आणि मासे सगळ्यात शेवटी आणायचे. काचेची ऑर्डर दिल्यापासून पहिला मासा येईपर्यंत दोन महिने तरी धरून चाला. हा वेळ वाचवायच्या भानगडीत पडू नका.

इथे मी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टँक धरलाय. मध्यम आकाराच्या दिवाणखान्यात तो बसतो, माशांना पोहायला भरपूर जागा मिळते आणि याची काच कुठल्याही शहरातल्या काचवाल्याकडे कापून मिळते.

आधी वजन, मग जागा

हिशेब असा. बाहेरून १२२० × ६१० × ६१० मिलिमीटर मापाचा टँक काठापासून दोन बोटं खाली भरला की आत सुमारे ३८५ लिटर पाणी मावतं, म्हणजे तेवढेच किलो. बारा मिलिमीटर काचेचं वजन दर चौरस मीटरला ३० किलो, त्यामुळे नुसती काच ९५ किलोच्या आसपास जाते. वाळू आणि दगड ७० किलो, लोखंडी स्टँड ५० किलो, खालचा संप, म्हणजे स्टँडच्या आत ठेवायचा फिल्टरचा टँक, पाण्यासकट ९० किलो. एकूण भार साडेसहाशे ते सातशे किलो, आणि तोही जेमतेम पाऊण चौरस मीटर जागेवर.

राहत्या घराच्या खोल्यांचा स्लॅब भारतीय मानकांप्रमाणे दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो चल भार धरून बांधतात. हा आकडा संपूर्ण खोलीवर पसरलेल्या भाराचा आहे, त्यामुळे एका कोपऱ्यात जास्त वजन आलं म्हणून स्लॅब लगेच धोक्यात येतो असं नाही. पण टँक कुठे ठेवता याला फार महत्त्व आहे. खाली बीम असलेल्या भिंतीलगत, शक्यतो कॉलमजवळ, लांब बाजू भिंतीला समांतर ठेवून टँक लावा. खोलीच्या मधोमध नको आणि बाहेर काढलेल्या बाल्कनीत तर मुळीच नको. इमारत जुनी असेल, छताला गळती असेल, सळ्या दिसत असतील किंवा लोड बेअरिंगचं, म्हणजे भिंतींवरच उभं बांधकाम असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. तळमजल्यावर फरशीखालची भरणी नीट बसलेली आहे ना एवढं पाहिलं की पुरतं.

थेट ऊन येणारी जागाही टाळा. सकाळचे दोन तास ऊन आलं तरी काचेवर हिरवं शेवाळ धरतं आणि मे महिन्यात पाणी तापतं.

स्टँड

फॅब्रिकेटरकडून ४० मिलिमीटरच्या चौरस पाइपचा स्टँड करून घ्या. पाइपची जाडी किमान २ मिलिमीटर, पाय सहा, वर मध्ये दोन आडव्या पट्ट्या, उंची अडीच फूट. खालून संप आत सरकवता येईल एवढी मोकळी जागा समोरून ठेवायला सांगा, कारण वेल्डिंग झाल्यावर हे आठवून उपयोग नसतो. रेड ऑक्साइडवर दोन हात ऑइल पेंट द्या. पायांखाली हाताच्या पंजाएवढ्या लोखंडी पट्ट्या ठेवा, नाहीतर टाइल तडकते. वर १८ मिलिमीटरचा ७१० ग्रेडचा मरीन प्लाय आणि त्यावर १२ मिलिमीटरचा थर्माकोल. प्लायवर राहिलेला वाळूचा एखादा खडा किंवा स्क्रूचं डोकं थर्माकोल पोटात घेतो. नाहीतर तोच खडा बुडाच्या काचेला तडा पाडतो.

मग पाणसळ लावा, लांबीतही आणि रुंदीतही. चार फुटांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर पायांखाली लोखंडी पत्र्याचे तुकडे सरकवा. लाकडी पाचर घालू नका, ती दमट हवेत फुगते आणि दबते.

काच

साधी फ्लोट काच घ्या, जाडी १२ मिलिमीटर. टफन्ड काच घेऊ नका. तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, आणि फुटली तर एका क्षणात सगळीच्या सगळी चुरा होते. साध्या काचेला तडा गेला तर निदान गळती दिसते आणि हालचाल करायला वेळ मिळतो. वजन कमी करायच्या नादात १० मिलिमीटरवर येऊ नका. टँक भरल्यावर समोरच्या एका काचेवर पाण्याचा जोर सुमारे १८० किलोचा असतो, आणि तो रात्रंदिवस, वर्षानुवर्षं तसाच राहतो.

काचवाल्याला ही मापं द्या. बुडाची काच १२२० × ६१० मिलिमीटर. पुढची आणि मागची १२२० × ५९८. दोन्ही बाजूंच्या ५८४ × ५९८. चारही भिंती बुडावर उभ्या राहतात आणि बाजूच्या काचा पुढच्या-मागच्यांच्या मध्ये बसतात. सांध्यात सिलिकॉनला एकेक मिलिमीटर जागा मिळावी म्हणून बाजूचं माप तेवढं कमी धरलंय. याशिवाय वरच्या कडेला आतून चिकटवायला ११९४ × ७० च्या दोन पट्ट्या, आणि त्यांच्यावर मधोमध आडवी बसणारी एक पट्टी. या पट्ट्यांमुळेच पुढची-मागची काच फुगत नाही, म्हणून त्या वगळू नका. सगळ्या कडा मशीन पॉलिश करून घ्या. हाताला धार लागली तर काच परत करा.

संप ठेवणार असाल तर मागच्या काचेला वरच्या भागात दोन भोकं लागतील. आधी प्लंबिंगच्या दुकानातून टँक निपल, म्हणजे भोकात बसणारा पाइपचा जोड, विकत आणा आणि तेच काचवाल्याच्या हातात द्या, म्हणजे तो त्या मापाचं भोक पाडेल. भोकाची कड आणि काचेची कड यांत किमान भोकाच्या व्यासाएवढं अंतर हवं.

सिलिकॉन

हा भाग घाईत करायचा नाही. काच साफ करण्यापासून टेप काढेपर्यंत दोन माणसं पूर्ण वेळ लागतात, आणि काच उचलताना तिसरं माणूस असेल तर बरं.

अ‍ॅसिटिक प्रकारचं, म्हणजे उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घ्या. ट्यूबवर ‘अँटी-फंगल’ किंवा ‘सॅनिटरी’ लिहिलेलं असेल तर ते बाथरूमसाठी. त्यातलं बुरशीनाशक माशांना विषारी असतं. ३०० मिलिलिटरच्या तीन ट्यूब आणून ठेवा. उरली तर संपाला लागेलच.

बुडाची काच सपाट जागी, जाड कापडावर ठेवा. जिथे जिथे सांधा येणार त्या कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा आणि नंतर तिथे बोट लावू नका. बोटाचा तेलकट डाग राहिला तर त्या जागी सिलिकॉन नुसतं टेकतं, धरत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर सोडून मास्किंग टेप लावा.

आता मागच्या काचेपासून सुरुवात करा. बुडाच्या कडेवर पेन्सिलीएवढ्या जाडीची सलग वळी सोडा, मध्ये हात उचलू नका. काच वरून सरळ खाली टेकवा आणि एकसारखी दाबा. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन बाहेर यायला हवं. त्याच वेळी काचेच्या कडेतून आत डोकावून पाहा. काळं सिलिकॉन घेतलं असेल तर सांध्यात अखंड काळी रेघ दिसते. तिच्यात चंदेरी ठिपका दिसला तर तो हवेचा बुडबुडा. छोटासा, एकटा असेल तर चालतो. आतून बाहेरपर्यंत गेलेला असेल तर काच लगेच काढा, पुसा आणि पुन्हा लावा. फार दाबूही नका. सांध्यात मिलिमीटरभर सिलिकॉन राहिलं पाहिजे, कारण ताण तेच झेलतं.

मागची, मग दोन्ही बाजूंच्या, शेवटी पुढची. प्रत्येक कोपऱ्याला सुताराचा गुण्या लावून काटकोन बघा आणि बाहेरून टेपने आवळून ठेवा. आतल्या कोपऱ्यांतून सिलिकॉनची आणखी एक वळी फिरवून बोटाने एका ओढीत सारखी करा. पाच-दहा मिनिटांत वर साय धरते, त्याआधी मास्किंग टेप ओढून काढा. उशीर झाला तर टेपबरोबर कडाही फाटून येते. वरच्या पट्ट्या दुसऱ्या दिवशी लावा.

त्यानंतर सात दिवस हात लावायचा नाही. व्हिनेगरचा वास पूर्ण गेला की समजा सुकलं.

पहिली चाचणी गच्चीत, अंगणात किंवा पार्किंगमध्ये, सपाट जागी थर्माकोलवर घ्या. अर्धा भरा, रात्रभर ठेवा, मग पूर्ण भरून दोन दिवस ठेवा. सांध्यांखाली वर्तमानपत्र पसरलं की थेंबाचाही डाग दिसतो. गळती निघाली तर वरून चोपडून भागत नाही, कारण जुन्या सिलिकॉनला नवं धरत नाही. तो संपूर्ण सांधा ब्लेडने खरवडून नव्याने करावा लागतो. रिकामा टँक उचलायला चार माणसं आणि काच उचलायचे व्हॅक्यूम कप लागतील.

स्टँडवर चढवल्यावर आधी एक तृतीयांशच भरा आणि चारही कोपऱ्यांत वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. पाणीच तुम्हाला खरी लेव्हल सांगतं. फरक असेल तर पाणी काढून पायांखाली पत्रा सरकवा. भरलेला टँक पहारीने उचलायचा विचारही करू नका.

संप आणि वीज

एवढ्या टँकला मी संपच सुचवेन. खाली तीन फुटी साधा टँक, त्यात तीन कप्पे: पहिल्यात स्पंज आणि फिल्टर लोकर, दुसऱ्यात सिरॅमिक रिंग्ज, तिसऱ्यात पंप. वरचं पाणी मागच्या भोकातून खाली येतं आणि पंप ते परत वर पाठवतो. दुसरं भोक थोडं वर ठेवा. पहिलं पानांनी तुंबलं तर पाणी त्यातून खाली जातं, फरशीवर येत नाही.

पंप ताशी ३००० लिटरचा घ्या. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाच फूट वर चढवताना तो बराच उतरतो आणि तुम्हाला हवे तेवढे दोन हजारच्या आसपास उरतात.

वीज गेली की काय होईल याचा हिशेब आधीच करा, कारण ती जाणारच. पंप थांबला की वरचं पाणी भोकाच्या पातळीपर्यंत खाली येतं. अडीच सेंटिमीटर पातळी उतरली तरी साडेसतरा लिटर पाणी संपात येणार. तेवढी जागा संपात कायम रिकामी हवी. शिवाय परतीच्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या लगेच खाली एक बारीक भोक पाडा. ते नसेल तर पाइप सायफनसारखा उलटा चालतो आणि निम्मा टँक जमिनीवर येतो. सगळं जोडून झालं की स्विच मुद्दाम बंद करा आणि पाणी कुठे थांबतं ते बघा. मग पंप पुन्हा चालू करा आणि संपातल्या पाण्याची पातळी जिथे स्थिर होते तिथे मार्करने रेघ ओढा. त्या रेघेवर कधी भरायचं नाही.

बोर्डाला ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळाशी टपकेल. पाण्यात हात घालताना हीटर आणि पंप बंद. लोडशेडिंगच्या गावात बॅटरीवर चालणारा एअर पंप आणून ठेवा. वीज जाऊन तास झाला की तो लावा.

तुमच्या नळाला कुठलं पाणी येतं?

मासे निवडायच्या आधी हा प्रश्न. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसाचं पाणी येतं, ते मृदू. पुण्याला खडकवासल्याचं, तेही मृदूच. कोकणात जांभ्यातून येणाऱ्या विहिरीचं पाणी मृदू आणि किंचित आम्लधर्मी असतं. पठारावर बोअरचं पाणी वापरणाऱ्यांकडे मात्र ते बहुतेक वेळा जड असतं. बादलीच्या कडेला पांढरा थर दिसतो, साबणाला फेस येत नाही. थेंबांचं टेस्ट किट घेऊन पीएच (आम्लता) आणि हार्डनेस (जडपणा) मोजा.

मृदू पाण्याला एंजल, टेट्रा, रास्बोरा, कोरीडोरास. जड पाण्याला मॉली, प्लॅटी, रेनबो आणि आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड. बोअरच्या पाण्याला औषधं घालून मृदू करत बसण्यापेक्षा त्या पाण्यात आनंदानं राहणारे मासे आणणं केव्हाही चांगलं. सोसायटीत मिठावर चालणारा सॉफ्टनर असेल तर त्याच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या.

पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. सोडियम थायोसल्फेट, म्हणजे दुकानात ‘हायपो’ किंवा ‘अँटिक्लोर’ म्हणून मिळणारे खडे, १०० लिटरला १ ग्रॅम पुरतात. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास येत असेल तर थोडं वाढवा.

वाळू, दगड, लाकूड

चौपाटीवरची वाळू नको. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि तो पाणी जड करत राहतो. वॉटर फिल्टरमध्ये भरतात ती सिलिका वाळू आणा आणि गढूळपणा जाईपर्यंत धुवा. दगडांसाठी आपल्याकडचा काळा बेसाल्ट उत्तम, तो पाण्यात काही सोडत नाही. फक्त त्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतील तर त्यांवर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले तर तो कॅल्साइट, तो दगड बाजूला ठेवा. जांभा झिजतो आणि पाणी लाल करतो. मोठे दगड वाळूवर ठेवू नका. आधी बुडावर थर्माकोलचा पातळ तुकडा, त्यावर दगड आणि मग भोवती वाळू. वाळूवर ठेवलेल्या दगडाखालची वाळू मासे उकरतात आणि दगड काचेवर कलंडतो.

पेरूच्या पूर्ण वाळलेल्या फांद्या साल काढून, उकळून छान दिसतात. रस्त्याकडेच्या जंगली बदामाची गळलेली, वाळलेली पानं मृदू पाण्याच्या टँकमध्ये टाकली तर पाण्याला चहासारखा हलका रंग येतो आणि टेट्रा त्यात खुलतात. वनस्पतींत सुरुवातीला व्हॅलिस्नेरिया, अनुबियास आणि जावा फर्न एवढंच ठेवा. दिवा रोज सात-आठ तास, टायमरवर.

टँक मुरू द्या

सगळं लागलं, पाणी स्वच्छ दिसतंय, आणि नेमके याच आठवड्यात लोक मासे आणतात. ते मरतात तेव्हा दोष दुकानदारावर जातो. कारण बहुतेक वेळा अमोनिया असतं.

मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणंही कुजून अमोनियाच होतं. तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य, आणि पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू सिरॅमिक रिंग्जवर, स्पंजावर, वाळूवर चिकटून वाढतात. नव्या टँकमध्ये ते जवळजवळ नसतातच. त्यांना वाढायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तेवढा काळ त्यांना खायला अमोनिया हवा.

तो माशांशिवाय द्या. प्रयोगशाळेला माल पुरवणाऱ्या दुकानातून शुद्ध अमोनियम क्लोराइड आणा. कल्हईवाले वापरतात तो नवसागर रसायन म्हणून हाच, पण बाजारातल्या ढेकळात काय काय मिसळलेलं असतं ते कळत नाही, म्हणून तो नको. टँक आणि संप मिळून सव्वाचारशे लिटर पाण्याला अडीच ग्रॅम घातलं की अमोनियाची पातळी लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास येते. दर दोन-तीन दिवसांनी किटने मोजा. शून्याकडे आलं की पुन्हा तेवढंच घाला. आधी अमोनिया उतरेल आणि नायट्राइट चढेल. नायट्राइट बरेच दिवस हटणार नाही, तिथे धीर सोडू नका. मग एके दिवशी तेही खाली येतं. आज घातलेला अमोनिया उद्या याच वेळी शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं सलग दोनदा झालं की टँक तयार. निम्मं पाणी बदला, म्हणजे साठलेलं नायट्रेट जाईल.

ओळखीच्या कुणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला मळका स्पंज मागून आणा. पिशवीत, ओला, तासाभराच्या आत. एक-दोन आठवडे सहज वाचतात.

आता मासे

मुंबईकरांना कुर्ल्याचा शोभिवंत माशांचा बाजार जवळ आहे. इतरांनी गावातलं असं दुकान निवडावं जिथे टँकमध्ये मेलेले मासे तरंगत नाहीत. पाच-सहा फेऱ्यांत थोडे थोडे आणा, प्रत्येक फेरीत आठवड्याचं अंतर ठेवा. नवे मासे आधी दोन फुटी वेगळ्या टँकमध्ये दोन-तीन आठवडे ठेवलेत तर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मोठ्या टँकमध्ये शिरत नाही. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी आत ओतू नका.

मृदू पाण्याच्या या टँकला माझी निवड: पाच-सहा एंजल, वीसेक रमीनोज टेट्रा, दहा कोरीडोरास आणि शेवाळ खायला एक ब्रिसलनोज. निऑन टेट्रा एंजलबरोबर ठेवू नका, एंजल मोठे झाले की त्यांना खातात.

दुकानात बोटभर दिसणारे काही मासे या टँकसाठी नाहीत. ‘टायगर शार्क’ म्हणून विकला जाणारा पंगस मीटरभर वाढतो. अरोवाना, रेड टेल कॅटफिश, पाकू यांनाही हा टँक पुरत नाही. काचेला चिकटून राहणारा साधा सकर दीड फुटांपर्यंत जातो. असे वाढलेले सकर लोकांनी नदी-तलावांत सोडले आणि आज उजनीसारख्या जलाशयात ते मच्छीमारांच्या जाळ्यात येतात, जाळी फाडतात. मासा नको झाला तर दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, पण नदीत, विहिरीत, तलावात सोडू नका. आणि केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीचा डेनिसन बार्ब, ‘मिस केरला’, कितीही सुंदर दिसला तरी घेऊ नका. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

रोजची काळजी

दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं. दर आठवड्याला पाव टँक, म्हणजे शंभरेक लिटर पाणी बदला. उन्हाळ्यात हे काम पहाटे करा, कारण दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, काढलेल्या टँकच्याच पाण्यात पिळायचा. क्लोरीनमुळे महिनाभर वाढवलेले जिवाणू मरतात.

नागपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यात झाकण काढून पाण्यावर पंखा सोडा. कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. कोकणातल्या दमट हवेत याचा उपयोग कमी, तिथे एअर पंप वाढवा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. नाशिक-पुण्याच्या थंडीत एका मोठ्या हीटरऐवजी दीडशे-दीडशे वॅटचे दोन लावा. एक अडकून चालूच राहिला तरी तो एकटा एवढं पाणी शिजवू शकत नाही, आणि एक बंद पडला तर दुसरा सांभाळून घेतो.

गावाला जाताना मोठे, निरोगी मासे पाच-सहा दिवस उपाशी आरामात राहतात. त्याहून जास्त दिवस जाणार असाल तर शेजाऱ्यांकडे खाण्याचा डबा देऊ नका. एकेका वेळचं खाणं मोजून कागदाच्या पुड्या बांधा, वर तारीख टाका आणि दोन दिवसांत एक पुडी एवढंच सांगून ठेवा.